हुकापासून खांद्यापर्यंत: बेंच प्रेसमधली पहिली वीत

सोमवारी संध्याकाळी सोलापुरातल्या कोणत्याही जिममध्ये गेलात, मग ती जुळे सोलापुरातली वातानुकूलित असो की पूर्व भागातल्या जुन्या यंत्रमागाच्या शेडमध्ये थाटलेली असो, छातीच्या व्यायामाचे बेंच रिकामे सापडणार नाही. त्यावर उताणे झोपून बार छातीपर्यंत आणायचा आणि वर ढकलायचा, हाच बेंच प्रेस. आठवड्याची सुरुवात छातीने करायची हा अलिखित नियम सगळीकडे पाळला जातो. तुमचा नंबर येईपर्यंत तिथे उभे राहून जरा निरखून पाहा. बार छातीला टेकला का, कंबर उचलली गेली का, कोणी किती प्लेटा लावल्या, याकडे सर्वांचे लक्ष असते. पण स्टँडच्या हुकांवरून निघालेला बार खांद्यांच्या वर येऊन स्थिर होईपर्यंतच्या वीतभर अंतरात काय घडते, ते फारसे कोणी पाहत नाही. नवख्याचा सेट बहुतेक वेळा तिथेच बिघडलेला असतो, आणि दोष मात्र छातीच्या ताकदीला दिला जातो.

हा लेख त्या वीतभर अंतरापुरताच आहे. बार खाली कसा आणावा, किती सेट मारावेत, छाती रुंद कशी होते, हे विषय इथे घेतलेले नाहीत.

घोटाळा कुठे होतो

बेंचवर उताणे झोपल्यावर हुकांवरचा बार साधारण डोळ्यांच्या वर असतो. प्रत्यक्ष व्यायाम मात्र बार खांद्याच्या सांध्याच्या बरोबर वर आल्यावरच सुरू होतो. म्हणजे बारला डोळ्यांपासून खांद्यांपर्यंत, पायांच्या दिशेने, आडवा प्रवास करावाच लागतो. नवखा माणूस काय करतो, तर बार आधी सरळ वर ढकलतो आणि मग हवेतल्या हवेत पुढे आणतो. वर ढकलताना त्याचे खांदे बेंचवरून सुटतात, मागे जुळवलेले पाठीचे फरे, म्हणजे खांद्यांमागची ती दोन सपाट तिकोनी हाडे, एकमेकांपासून लांब जातात, आणि ज्या बैठकीवर सगळे वजन तोलायचे ती बैठकच मोडते. आता डोक्यावर वजन आहे, हात ताठ आहेत, आणि या अवस्थेत फरे पुन्हा नीट जुळवणे बहुतेकांना जमत नाही. पुढचे आठ-दहा रेप, म्हणजे बार खाली-वर करण्याच्या फेऱ्या, सैल खांद्यांवर मारले जातात.

बार खांद्याच्या रेषेत नसतो तोपर्यंत खांद्यावर पडणारा ताण नुसत्या वजनाचा नसतो, तो वजन गुणिले आडवे अंतर असा असतो. साठ किलोचा बार सांध्यापासून 20 सेंटीमीटर मागे असताना जो ताण पडतो, त्याच्या दीडपट ताण तोच बार 30 सेंटीमीटर मागे असताना पडतो. प्लेट एकही वाढलेली नसते. सोलापूरकराला हे समजावायला फार खटपट करावी लागत नाही. संक्रांतीच्या आधी गड्ड्याच्या यात्रेसाठी नंदीध्वजांचा, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांचा, सराव चालतो, तो आपण लहानपणापासून पाहतो. काठी सरळ उभी असते तोवर एक मानकरी ती पेलतो. ती जराशी कलली की भोवतालच्या चार जणांना धाव घ्यावी लागते. काठीचे वजन तेवढेच असते, फक्त ते अंगाच्या रेषेतून बाहेर गेलेले असते.

म्हणून बार हुकांवरून उचलायचा नसतो, तो सरकवायचा असतो. पुढच्या सगळ्या सूचना या एका वाक्यातून निघतात.

आधी हुकांची उंची

झोपण्यापूर्वी स्टँडकडे पाहा. माझ्या मते नवख्याने सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा, आणि नेमका इथेच कोणी देत नाही. आधीचा माणूस ज्या खाचेवर बार ठेवून गेला, तीच खाच पुढचा माणूस स्वीकारतो, मग तो त्याच्यापेक्षा अर्धा फूट उंच का असेना.

योग्य उंची अशी तपासावी. रिकामा बार हुकांवर ठेवून झोपावे, फरे मागे आणि कमरेच्या दिशेने खाली ओढावेत, बार नेहमीच्या पकडीत धरावा. या स्थितीत कोपर किंचित वाकलेले असले पाहिजेत. आता फक्त कोपर सरळ करावेत, खांदे बेंचवरून न सोडता. बार हुकाच्या ओठावरून, म्हणजे पुढच्या वर वळलेल्या कडेवरून, एक-दोन बोटे वर आला, तर उंची बरोबर आहे. कोपर पूर्ण सरळ करूनही बार ओठाला अडत असेल, तर हुक फार वर आहेत, आणि तुम्ही खांदे उचलल्याशिवाय बार निघणार नाही. उलट बार सुटण्यासाठी कोपर चांगलेच वाकलेल्या अवस्थेतून दाबावे लागत असतील, तर हुक खाली आहेत. त्यात तुमचा जवळजवळ अर्धा रेप मोजणी सुरू होण्याआधीच खर्ची पडतो.

मी स्वतः पहिली दोन वर्षे ज्या जिममध्ये घालवली, तिथले स्टँड स्थानिक फॅब्रिकेटरकडून वेल्डिंग करून घेतलेले होते आणि त्याला दोनच खाचा होत्या, एक माझ्यासाठी खूप खाली, दुसरी खूप वर. वरची खाच वापरताना बार सहज निघाल्यासारखा वाटे, म्हणून मी तीच धरली. प्रत्येक सेटला मी खांदे उचलून बार काढत होतो आणि तसाच खाली आणत होतो. काही महिन्यांत उजव्या खांद्याच्या पुढच्या बाजूला असे दुखू लागले की शर्टच्या बाहीत हात घालतानाही कळ येई. मी वजन कमी केले, मालिश केली, तेल बदलले. खाच मात्र बदलली नाही. शेवटी तालमीत वाढलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी, ज्यांनी आयुष्यात बेंच प्रेस केला नव्हता, नुसते पाहून विचारले, “मालक, तुम्ही झोपून मारता का बसून? खांदे तर गादीला टेकतच नाहीत तुमचे.” त्यानंतर मी खालची खाच घेतली आणि बार काढून द्यायला एकाला उभे करू लागलो.

खाचा बदलता येत नसतील, तर खालची खाच आणि मदतनीस हाच उत्तम मार्ग होय. बेंच स्टँडला जोडलेले नसून वेगळे असेल, तर ते स्क्वॉटच्या रॅकमध्ये नेऊन ठेवावे. तिथे हुक हवे त्या भोकात लावता येतात आणि आडव्या सुरक्षा दांड्याही मिळतात. बेंचवर गादी घालून किंवा पायांखाली प्लेटा सारून उंची जुळवण्याचे प्रकार मी पाहिले आहेत. गादी दबते आणि प्लेटांवरचे बेंच डगमगते, त्यामुळे हे दोन्ही टाळावे.

उंचीबरोबर बारचे वजनही एकदा माहीत करून घ्यावे. ऑलिंपिक बार 20 किलोचा असतो आणि त्याची लांबी 2.2 मीटर असते. महिलांच्या वेटलिफ्टिंगमधला बार 15 किलोचा. आपल्याकडच्या अनेक जिममध्ये मात्र आखूड, बारीक रॉड असतात आणि त्यांच्यावर कुठेही वजन लिहिलेले नसते. घरगुती वजनकाट्यावर आधी नुसते उभे राहावे, मग बार हातात घेऊन उभे राहावे, आणि वजाबाकी करावी.

बारखाली झोपणे

डोळे बारच्या बरोबर खाली यावेत, किंवा बारपेक्षा एखादे बोट पायांच्या बाजूला. फार खाली सरकून झोपलात, तर बारचा आडवा प्रवास वाढतो. फार वर सरकलात, तर प्रत्येक रेपला बार हुकांवर आपटतो. उंचीप्रमाणे आणि हातांच्या लांबीप्रमाणे यात दोन-तीन सेंटीमीटरचा फरक पडतो, तो रिकाम्या बारवर शोधावा.

पकड बारवरच्या गुळगुळीत वर्तुळांवरून मोजावी. पॉवरलिफ्टिंगच्या बारवर ही वर्तुळे एकमेकांपासून 81 सेंटीमीटरवर असतात आणि आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे तर्जन्या त्यांच्या बाहेर नेता येत नाहीत. नवख्याने करंगळी वर्तुळावर किंवा जरा आत ठेवून सुरुवात करावी. बार छातीवर असताना कोपरापासून मनगटापर्यंतचा हात जमिनीला काटकोनात दिसला, की पकड जमली. बार बोटांच्या मुळाशी न धरता तळहाताच्या टाचेवर, मनगटाच्या हाडांच्या रेषेत बसवावा, म्हणजे मनगट मागे मोडत नाही. अंगठा बारभोवती गुंडाळलेलाच हवा. अंगठा बोटांच्या बाजूला ठेवून मारणारे काही जुने लोक दिसतील. बार घसरला तर तो थेट छातीवर किंवा गळ्यावर येतो, आणि हुकांवरून सुटण्याचा क्षण हाच घसरण्याचा मोठा क्षण असतो.

मग फरे. बार घट्ट धरून अंग किंचित वर ओढावे, छाती बारकडे न्यावी, दोन्ही फरे मागे एकमेकांकडे आणि खाली कमरेकडे ओढावेत, आणि तसेच ठेवून पाठीचा वरचा भाग बेंचवर दाबून बसवावा. पाठीमागे कोणी पेन्सिल धरली आहे आणि ती फऱ्यांमध्ये चिमटायची आहे, अशी कल्पना केल्यास हे लवकर जमते. शेवटी पाय: तळवे जमिनीवर सपाट, टाचा रोवलेल्या, मांड्यांत ताण. स्पर्धेच्या बेंचची उंची 42 ते 45 सेंटीमीटर असते. स्थानिक बेंच त्याहून उंच असून पाय लटकत असतील, तर पायांखाली रुंद, न हलणाऱ्या फळ्या किंवा जाड रबरी मॅट घ्यावी.

इथे एक गोष्ट खास आपल्या गावाची. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो, पंख्याची हवा गरम येते, आणि रेक्झिनवर घामाने पाठ सरकते. घरोघरी टर्किश टॉवेल असल्यामुळे तो बेंचवर पसरायची सवय आपल्याला आहे, आणि स्वच्छतेच्या दृष्टीने ती चांगलीच आहे. पण मोकळा पसरलेला टॉवेल पाठीखाली गोळा होऊन सरकतो आणि जुळवलेले फरे सुटतात. टॉवेल बेंचच्या दोन्ही कडांखाली दुमडून घ्यावा, किंवा तो डोक्याखालीच ठेवून पाठीवर सुती टी-शर्ट असू द्यावा. तळहात आणि बार प्रत्येक सेटपूर्वी पुसावेत. हाताला लावायचीच असेल तर चॉकची भुकटी लावावी. अंगाला लावायची सुगंधी टाल्कम पावडर हाताला लावणारे महाभाग असतात. ती पकड वाढवत नाही, उलट हात निसटतो.

बार काढणे

छाती आणि पोट भरून श्वास घ्यावा आणि रोखून धरावा. ज्यांना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांनी वजनाखाली श्वास रोखण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

आता कोपर सरळ करावेत, एवढेच. बार ओठाच्या वर आला की तो वर ढकलणे लगेच थांबवावे आणि ताठ हातांनी त्याला पायांकडे ओढावे. ही ओढ छातीची नाही, ती बगलेखालच्या पाठीच्या स्नायूंची आहे, ज्यांना जिममधली मुले विंग्स म्हणतात. उंच पुलीचा दांडा ताठ हातांनी मांडीपर्यंत खाली आणताना जे स्नायू बगलेखाली घट्ट होतात, तेच इथे घट्ट झाले पाहिजेत. दोन्ही हातांनी बार मध्यभागातून मोडून दोन तुकडे करायचा आहे, अशा रीतीने पकड बाहेरच्या बाजूला पिळली, तर हे स्नायू आपोआप जागे होतात असा माझा अनुभव आहे. खांदे या सगळ्यात कानांकडे जाऊ नयेत.

बार खांद्याच्या सांध्याच्या वर आला की थांबावे, एक सेकंद पूर्ण. या सेकंदात बारचे वजन हाडांवरून सरळ खाली उतरते आणि फरे गादीत आणखी थोडे रुततात, ते जाणवते. बार थरथरत असेल, एक बाजू पुढे असेल, तर ती इथेच सरळ करावी. घाई करणाऱ्यांना हा सेकंद फुकट वाटतो. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत मात्र हात ताठ आणि बार ताब्यात आल्याशिवाय पंच सुरुवातीचा इशाराच देत नाहीत. हवा असल्यास इथे आणखी एक छोटा श्वास भरून घ्यावा आणि मग बार खाली आणायला सुरुवात करावी.

काढताना एक हात आधी सुटतो, असे अनेकांचे होते. बहुतेक वेळा त्याचे कारण ताकद नसून पकड असते. एक हात वर्तुळापासून दोन बोटे दूर आणि दुसरा वर्तुळावर. झोपल्यावर डोके वळवून दोन्ही बाजूंची बोटे एकदा पाहावीत.

दुसऱ्याकडून बार घेणे

आपल्याकडे याला सपोर्ट म्हणतात, आणि सपोर्ट देणे म्हणजे सेटभर बारला हात लावून “अजून एक, अजून एक” ओरडणे, असा समज आहे. बार काढून देणे हे त्याहून वेगळे काम आहे आणि माझ्या दृष्टीने अधिक कौशल्याचे.

देणाऱ्याने डोक्यामागे, बरोबर मध्यावर उभे राहावे आणि उचलणाऱ्याच्या हातांच्या आतल्या बाजूला बार धरावा, एक तळवा वर आणि एक खाली. त्याने बार उंच उचलू नये; ओठ सुटेल एवढाच आधार द्यावा आणि बारबरोबर पुढे यावे. उत्साही मित्र बार इतका वर खेचतो, की खाली झोपलेल्याचे खांदे बारबरोबरच उचलले जातात आणि हुक फार उंच असल्याचा जो तोटा, तोच पुन्हा पदरी पडतो. बार खांद्यांच्या वर आला की वजन हळूहळू सोडावे, झटक्यात नव्हे.

इशारा आधी ठरवावा. “एक, दोन, तीन” म्हणण्यात एक गंमत आहे: तीन म्हणताच उचलायचे, की तीन म्हणून झाल्यावर? मी एकदा तीनवर दाबले आणि माझा मित्र तीननंतर उचलायला वाकला. बार एका हुकातून निघाला, दुसऱ्यात अडकला, आणि 50 किलो वजन तिरके होऊन लॉक, म्हणजे प्लेट घसरू न देणारी बारवरची कडी, न लावलेल्या बाजूची दहाची प्लेट फरशीवर आपटली. कोणाला लागले नाही, फरशीला मात्र चीर गेली, आणि ती भरून देण्याचे पैसे दोघांनी निम्मे-निम्मे काढले. तेव्हापासून आमचे ठरलेले आहे: मी श्वास भरून “घे” म्हणतो, त्याच शब्दावर दोघे उचलतो, आणि बार स्थिर झाल्यावर मी “सोड” म्हणेपर्यंत त्याचे हात निघत नाहीत. वडीलधारे सपोर्टला असतील तर “घ्या” आणि “सोडा”. शब्द कोणतेही असोत, ते दोघांना माहीत हवेत.

मदतीला कोणीच नसेल आणि सुरक्षा दांड्याही नसतील, तर जड बेंच प्रेस करू नये, डंबेलवर भागवावे. तरीही हलक्या वजनावर एकट्यानेच करायचे झाल्यास लॉक लावू नयेत. बार छातीवर अडकला तर एका बाजूला कलवून प्लेटा उतरवता येतात. आवाज होतो, चारचौघांत फजिती होते, पण सुटका होते. सोबत माणूस असेल, तेव्हा मात्र लॉक लावावेत.

सराव

रिकाम्या बारने फक्त काढण्याचा सराव करावा. काढायचा, खांद्यांच्या वर पाच सेकंद धरायचा, परत ठेवायचा. असे पाच वेळा, छातीपर्यंत एकदाही न आणता. छातीच्या दिवशी पहिल्या सेटआधी हे केले, तर त्याला तीन-चार मिनिटांहून जास्त लागत नाहीत. त्याआधी उंच पुलीवर ताठ हातांनी दांडा खाली आणण्याचे हलके पंधरा-वीस रेप मारून घ्यावेत. पुली नसेल, तर तोच टर्किश टॉवेल दोन्ही हातांत ताणून छातीसमोर धरावा आणि तो फाडायचा असल्यासारखा दहा सेकंद ओढावा; फरे कसे मागे जातात ते कळते.

शक्य असल्यास मोबाईल बेंचच्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर ठेवून एक सेट चित्रित करावा आणि पहिले तीन सेकंदच पुन्हा पुन्हा पाहावेत. खांद्याचा वरचा भाग आणि गादी यांच्यात फट दिसली, की हुक, झोपण्याची जागा आणि ओढ, याच क्रमाने तपासावे. ही फट जाईपर्यंत वजन वाढवू नये. ती गेल्यावर वाढवताना दोन्ही बाजूंना मिळून अडीच ते पाच किलो पुरे. खांद्याच्या पुढच्या बाजूची दुखणी सगळे बरोबर करूनही दोन-तीन आठवड्यांत कमी होत नसतील, तर फिजिओथेरपिस्टला किंवा हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. जिममधल्या कोणाकडूनही खांदा ओढून घेऊ नये.

परत ठेवणे

शेवटच्या रेपनंतर दमलेला माणूस हुक शोधत बार तिरका मागे ढकलतो, कोपर अजून वाकलेलेच असतात, आणि एक बाजू हुकाच्या खाली जाते. त्याऐवजी आधी हात खांद्यांच्या वर पूर्ण ताठ करावेत, मग ताठ हातांनीच बार मागे नेऊन स्टँडच्या उभ्या खांबांना टेकवावा, दोन्ही बाजूंचा आवाज ऐकावा, आणि त्यानंतरच खाली सोडावा. नजर हुकांकडे वळवायची गरज नाही. खांब लागले, की हुक त्यांच्याच खाली असतात.

प्लेटा उतरवताना एका बाजूच्या सगळ्या एकदम काढू नयेत. दुसरीकडच्या वजनाने बार उलटून हुकांवरून उडतो आणि तो कोणाच्या दिशेने जाईल हे सांगता येत नाही. एक या बाजूची, एक त्या बाजूची, असे करत उतरवाव्यात, आणि तुमच्यानंतरचा माणूस बुटका असेल तर त्याला खाचही बदलून द्यावी.